हाताकडं बघू नको

आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. सिन्नर तालुक्यातल्या त्यांच्या गावी चैत्रात यात्रा भरते आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुस्त्या होतात. मी तिसरीत होते तेव्हापासून ते मला सोबत न्यायला लागले. आखाड्याभोवती सगळी पुरुष मंडळी, टोप्या, पागोटी, खांद्यावर टॉवेल. मुलगी म्हणावी तर मी एकटी. नांगरून, पाणी मारून मऊ केलेली माती आणि हलगीचा कडकडाट. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग दहा, वीस, पन्नास रुपयांच्या. ऊन कलत जाईल तसे मल्ल मोठे होत जायचे आणि गर्दी पुढे सरकायची. मानाची कुस्ती लागेपर्यंत मी आप्पांच्या मांडीवरून उठून त्यांच्या खांद्याला धरून उभी राहिलेली असायचे.

सगळे बघतात तशी मीही हातांकडे बघायचे. दोघं मल्ल मातीची चिमूट एकमेकांना देऊन सलामी झडली की हातांची झोंबाझोंबी सुरू होते, मानेवर हात, मनगटावर हात. बघणाऱ्याला वाटतं सगळं तिथेच चाललंय. आणि मग एकदम एक जण वर उचलला जातो, आणि हे कधी झालं ते कळतच नाही. आप्पा कानाशी वाकून म्हणायचे, "हाताकडं बघू नको. हात फसवतो. कंबर बघ."

हात कुठेही जाऊ शकतो आणि परत येऊ शकतो. कंबर तसं करू शकत नाही, कारण अख्खा माणूस तिच्यावर तोललेला असतो. पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढायचा, तर कंबर खाली बसणार. ढाक लावायची, म्हणजे समोरच्याला कंबरेवर घेऊन पाडायचं, तर कंबर आधी त्याच्या कुशीत शिरणार. हे आप्पांनी मला कधी असं मांडून सांगितलं नाही. त्यांनी फक्त "बघ" म्हटलं, आणि मी तीन चैत्र बघत राहिले. तिसऱ्या वर्षी एका कुस्तीत मी बोलून गेले, "आता पट काढतो हा," आणि त्याने काढला. पुढे बसलेल्या एका अनोळखी माणसाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आप्पा काहीच बोलले नाहीत. परत येताना मात्र त्यांनी मला उसाचा रस पाजला, पूर्ण ग्लास.

बाराव्या वर्षी मला न्यायचं बंद झालं. कुणी रागावून सांगितलं नाही. आजी एवढंच म्हणाली, "मोठी झालीस आता." मी ओसरीवर बसून लांबून येणारी हलगी ऐकली. हलगीची लय वाढली की कुस्ती रंगात आली, एकदम आरोळी उठली की निकाल लागला, एवढं कळायचं. कोण चितपट झालं ते आप्पा परत आल्यावर सांगायचे. त्या ओसरीवरची ती दुपार मी विसरलेले नाही, आणि विसरायचीही नाही.

पुढे टीव्हीने माझी नजर जिवंत ठेवली. ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंगला विजेंदर सिंगचं पदक पक्कं झालं, बॉक्सिंगमध्ये भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. मी तेव्हा सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्सला नुकती लागले होते. बॉक्सिंगचे नियम मला ठाऊक नव्हते. पण त्याचे पाय, कंबर आणि खांदा बघितले आणि ओळखीचं काही सापडल्यासारखं झालं. ठोसा मुठीतून येत नाही, मागच्या पायाच्या टाचेपासून सुरू होतो, कंबरेतून वळतो आणि मूठ फक्त शेवटी पोहोचते, हे मला कुणी शिकवण्याआधी दिसलं. कुस्तीने तयार केलेली नजर इथेही चालत होती.

मग २०१२ मध्ये लंडनला पहिल्यांदाच बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलं. तीनच वजनगट होते आणि त्यातला सगळ्यात हलका ५१ किलोचा. मेरी कोमचा मूळ गट त्याहून खालचा, म्हणजे तिला वजन वाढवून स्वतःहून उंच आणि थोराड बायकांशी लढावं लागलं. ती ब्राँझ घेऊन आली. तेव्हा माझा मुलगा चार महिन्यांचा होता. रात्री त्याला मांडीवर थोपटत, आवाज बंद करून मी त्या लढतींचे पुनःप्रक्षेपण बघायचे. बॉक्सिंग आवाज बंद करून बघावं असं माझं मत आहे. समालोचन नसलं की पाय दिसतात.

मोबाईल आल्यावर जगभरचं सगळं हाताशी आलं, बॉक्सिंग, ज्युदो, मिश्र मार्शल आर्ट्स (एमएमए). त्यासोबत एक गोष्ट आली जी मला मनापासून खुपते. दहा-पंधरा सेकंदांचे नॉकआउटचे तुकडे. त्यात एक माणूस कोसळताना दिसतो आणि खाली शेकडो लोक त्याला शिव्या घालत असतात. त्याच्या आधीची आठ मिनिटं कुणी पाहिलेली नसतात. त्या आठ मिनिटांत तो पुढे होता, त्याने काय काय चुकवलं होतं, तिसऱ्या फेरीत त्याचा पुढचा पाय जड व्हायला लागला होता, हे काही त्या तुकड्यात नसतं. खेळावर प्रेम करणारा माणूस हरणाऱ्याकडे जास्त वेळ बघतो. आप्पा तर हरलेला मल्ल आखाड्यातून बाहेर येऊन अंगावरची माती झटकेपर्यंत त्याच्यावरून नजर काढायचे नाहीत.

७ जानेवारी २०२० ला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती पुण्यात बालेवाडीला झाली. आपल्या नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले, रोज एकमेकांसोबत मेहनत करणारे. हर्षवर्धन ३-२ ने जिंकला. इथे सगळ्यांना गदेचा फोटो आठवतो. मला आठवतो तो गदा मिळण्याआधीचा क्षण, त्याने शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं तो. आप्पा त्या वेळी आमच्याकडे इंदिरानगरला आले होते. ते टीव्हीसमोर ताठ बसले होते. तो क्षण आल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की मला हे नुसतं बघायचं नाहीये. ज्या दोघांनी एकमेकांना रोज पाडलंय त्यांच्यात जे असतं, ते मला आतून हवं होतं. मी तेव्हा पस्तिशीत होते. हे कुणाला सांगावं असं वाटलं नाही. आणि दोन महिन्यांत सगळं जगच बंद झालं.

टोकियो ऑलिंपिक एक वर्ष उशिरा झालं. ३० जुलै २०२१ ला लवलिना बोर्गोहाईंची बॉक्सिंगच्या ६९ किलो गटातली उपांत्यपूर्व लढत होती, तैवानच्या चेन निएन-चिनशी. चेनने तिला आधी हरवलेलं होतं, २०१८ च्या जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत. मी घरून काम करत होते. लॅपटॉपवर जीएसटीचं रिटर्न उघडं, ओट्यावर कुकर, आणि मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवलेला. पंचांचा निकाल ४-१ आला, लवलिनाचा हात वर गेला आणि ती ओरडली. मी ओट्याशी उभी होते. माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा माझ्या दोन्ही मुठी हनुवटीशी होत्या, डावा पाय पुढे, टाच उचललेली. अंग आपणहून तसं उभं राहिलं होतं. किती वेळ ते मला माहीत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या होत्या.

आपल्याकडे मल्लखांबाची एक कथा सांगतात. बाळंभटदादा देवधर, निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडच्या अली आणि गुलाब नावाच्या मल्लांनी पुण्यात आव्हान दिलं. बाळंभटदादांनी ते स्वीकारलं, पण तयारीसाठी मुदत मागितली आणि ते वणीच्या सप्तशृंगी गडावर जाऊन राहिले. तिथे झाडांवर माकडं खेळताना त्यांनी पाहिली. खोडाला पायांनी मिठी मारणं, उलटं लटकणं, हात न लावता फिरणं. त्यातून मल्लखांब उभा राहिला, असं म्हणतात. कथेत देवीचा दृष्टांत आहे, पण मला लहानपणापासून त्यातलं बघणं आवडतं. एवढा तयारीचा मल्ल, आणि तो गडावर बसून माकडांकडे बघत राहिला. टीव्हीसमोर बसणाऱ्यांना "नुसते बघे" म्हणून हिणवणाऱ्यांना मी ही कथा सांगते. मन लावून बघणं हीसुद्धा मेहनत आहे. माझ्यापुरतं तर ती पंचवीस-तीस वर्षांची मेहनत होती. फक्त ती पुरेशी होती का, हे मला कळायचं होतं.

२०२२ च्या मे महिन्यात निखत झरीन इस्तंबूलला बॉक्सिंगमध्ये जगज्जेती झाली, आणि त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर मी सिडकोतल्या एका बॉक्सिंगच्या हॉलमध्ये नाव घातलं. त्रिमूर्ती चौकापासून गाडीवर पाच मिनिटं. बॅच सकाळी पावणेसहाची. नोव्हेंबरातलं नाशिक ज्यांना माहीत आहे त्यांना त्या वेळची फरशी कशी असते ते सांगायला नको. बॅचमध्ये कॉलेजची मुलं-मुली, दोन पोलीस भरतीची तयारी करणारे, एक रिक्षावाले काका आणि मी. घरात सासूबाईंना नाकाची काळजी वाटली. नवऱ्याने काही न बोलता पावणेपाचचा गजर लावला आणि तो आजही लावतो.

पहिल्या दिवशी सरांनी पट्टी बांधायला शिकवलं. साडेचार मीटर लांब पट्टी. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या सांध्यांवर, मग बोटांमधून एकेक फेरी, पुन्हा मनगट. बोटं पसरून बांधायची, नाहीतर मूठ वळल्यावर काचते. पहिले पंधरा दिवस ती माझी नीट बसेना. आता अंधारात बांधते. पट्टी बांधताना मन जसं शांत होत जातं तसं दिवसभरात दुसऱ्या कशानेच होत नाही. देवाजवळ वात वळताना आजी जशी बसायची, तशी मी त्या बाकावर बसते.

पहिला महिना फक्त पाय. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, पाय एकमेकांत अडकू न देता. तिथे माझ्या बघण्याचं चीज झालं. वजन कुठे असावं ते मला माहीत होतं. पाठीमागून सर म्हणाले, "ताई, आधी कुठे शिकलात?" मी म्हटलं, नाही, बघितलंय. ते म्हणाले, "खूप बघितलंय मग." त्या वाक्यावर मी तो अख्खा दिवस काढला. मार्च अखेरची सगळी खाती जुळली की जसं वाटतं, त्याहून जास्त.

अंग मात्र अंग होतं. दोरीच्या दोन मिनिटांत पोटऱ्या भरून यायच्या. तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिट विश्रांती हे गणित मी कित्येक वर्षं ऐकत आले होते, पण ते एक मिनिट किती लहान असतं हे छातीला कळायचं बाकी होतं. पडद्यावर बॉक्सर तिसऱ्या फेरीत हात खाली सोडतो तेव्हा मी चुकचुकायचे. माझे हात दुसऱ्याच फेरीत हनुवटीपासून ओघळायला लागले. ग्लोव्हचं वजन दहा औंस, म्हणजे तीनशे ग्रॅमही नाही. तीन मिनिटं ते वर धरून बघावं.

आणि मग तिसऱ्या महिन्यात जोडीचा सराव आला. समोर बारावीत शिकणारी एक मुलगी. तिने हलका जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकायचा, मी फक्त तो हाताने बाजूला करायचा. ती माझ्याहून लहान, हात सैल, जोर नाहीच. तिचा खांदा हलला, मी तो ओळखला, आणि माझे डोळे मिटले.

ग्लोव्ह कपाळाला टेकला. पुन्हा केलं. पुन्हा मिटले. वीसदा केलं असेल, वीसही वेळा. हे मला फार लागलं. बघणं ही माझी एकमेव कमाई होती. आखाड्याच्या कडेला उभं राहून कमावलेली, ओसरीवर बसवल्यावरही न सोडलेली. आणि ज्या क्षणी बघायची खरी गरज, त्याच क्षणी माझी पापणी पडत होती. त्या दिवशी गाडी काढून मी सरळ घरी गेले नाही. पाथर्डी फाट्यापर्यंत गेले, पांडवलेणीच्या डोंगराकडे तोंड करून गाडीवरच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी समजावलं. चेहऱ्याकडे काही झेपावलं की पापणी मिटणारच, डोळा वाचवायची ती शरीराची सोय आहे. पण मिटून पुन्हा उघडायला सेकंदाच्या दहाव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत वेळ जातो, आणि तेवढ्यात समोरचीचा दुसरा हातही सुटलेला असतो. म्हणून शरीराला पटवावं लागतं की हे येणारं घातक नाही. पटवायचा रस्ता एकच, रोज थोडं थोडं. समोरच्याने ग्लोव्हने कपाळावर, गालावर अगदी हलकं टेकवत राहायचं, लहान बाळाला थोपटावं इतकं हलकं, आणि आपण डोळे उघडे ठेवायचे. एका वेळी दोन मिनिटं. मग ते म्हणाले, "आणि ताई, हाताकडे बघू नका. छातीकडे बघा. हात फसवतो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी आप्पांना पाहिलेलं नाही. सिन्नरच्या त्या गावाचं नावही त्यांना माहीत नसावं. मला ते वाक्य कानाशी वाकून म्हटल्यासारखं ऐकू आलं, तंबाखूच्या वासासकट.

दोन मिनिटं रोज, असे किती आठवडे गेले ते मी मोजले नाहीत. ती मुलगी, तिचं नाव इथे लिहीत नाही, न कंटाळता माझ्या कपाळावर ग्लोव्ह टेकवत राहायची आणि मध्येच तिच्या इकॉनॉमिक्सच्या पेपरबद्दल विचारायची. मी तिला मागणी-पुरवठा सांगायचे आणि ती टेकवत राहायची. एकमेकींना रोज मारणाऱ्या दोघींमध्ये काय असतं, त्याचा मला तिथे पत्ता लागायला लागला. तिला सर्दी झाली की मला आधी कळतं, ती तोंडाने श्वास घेते. मी घरी भांडून आले की तिला कळतं, माझा उजवा हात खाली राहतो. बालेवाडीच्या त्या खांद्यावर उचलून घेण्यात काय काय होतं, ते टोपी मांडीवर ठेवणाऱ्या माणसाला कळलं होतं. मला त्यातलं थोडं कळायला माझ्या कपाळावर हजारदा ग्लोव्ह टेकावा लागला.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण वाचून कुणी उद्या क्लासला जाईल. डोक्यावरचा मार ही गंमत नाही. हेडगार्डने कातडी फाटत नाही, पण आत मेंदूला बसणारा हिसका तो थांबवत नाही. म्हणून आमच्याकडे मोठ्या वयाच्या लोकांना जोराचं स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, नाही, ठरवून हलकं, आणि तेही आठवड्यातून एकदा. जो क्लास पहिल्याच महिन्यात तुम्हाला रिंगमध्ये ढकलतो तो सोडून द्यावा.

गेल्या वर्षी मी टोकियोची ती लढत पुन्हा बघितली. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिल्या वेळी मी पाय बघितले होते, खांदे बघितले होते. या वेळी पूर्ण नऊ मिनिटं मी फक्त लवलिनाचे डोळे बघत होते, हेडगार्डच्या आतले. ठोसे येत होते, लागत होते, आणि ते डोळे उघडे होते. हे मला पूर्वी कधी दिसलंच नव्हतं. दिसण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. आता मी कुठलीही लढत लावली की आधी तेच शोधते, आणि दर वेळी माझ्या घशाशी काहीतरी येतं.

आप्पा आता नव्वदीला आलेत, कानाने कमी ऐकतात. मी बॉक्सिंग शिकतेय हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाले, "कुस्ती नाय का?" मी म्हटलं, आप्पा, या वयात माती कोण देणार मला. त्यांना ते पटलं नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने चांदीची गदा घेतली, तो पेपर त्यांनी मी जाईपर्यंत जपून ठेवला होता. घडी करून माझ्या हातात दिला. "पोरी खेळत्यात आता," एवढंच बोलले. त्यांनी माझा हात हातात घेऊन सांध्यांवरची कडक झालेली कातडी अंगठ्याने दाबून बघितली, बैलाचं खांद बघावं तशी. बाराव्या वर्षाचं काही आमच्यात कधी निघालं नाही, तेव्हाही नाही. पण या चैत्रात ते म्हणाले, "येतीस का, गाडीतनं जाऊ." आम्ही गेलो. आखाड्याच्या कडेला त्यांना खुर्ची मिळाली, मी शेजारी उभी राहिले, त्यांच्या खांद्याला धरून. माझ्या पलीकडे सात-आठ मुली बसल्या होत्या, आणि नारळाच्या कुस्त्यांत दोन मुलींची एक कुस्ती लागली. हलगी तीच.

यात्रेनंतरच्या रविवारी हॉलमध्ये स्पॅरिंग होतं. ती मुलगी आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, विद्यापीठाच्या स्पर्धेची तयारी करतेय, आणि हात पूर्वीपेक्षा कितीतरी जलद. पहिल्या फेरीत तिने मला चारदा गाठलं. दुसऱ्या फेरीत मी तिच्या छातीकडे बघत होते. तिची कंबर उजवीकडे किंचित वळली, डावा खांदा पुढे आला. तिच्या डाव्या ग्लोव्हला अंगठ्याजवळ रेक्झिन सोललंय, नखाएवढं, आणि आतला पिवळट फोम दिसतो. तो फोम माझ्याकडे येताना मी पाहिला. पार नाकापर्यंत.